म्हातारा, म्हातारी आणि काटा

बायको दिसली की मागोमाग नवरा दिसणारच, अशी जोडपी सगळीकडे असतात. हाँगकाँगमध्ये त्यांच्यासाठी एक म्हण तयार आहे : ‘गुंग बत लेई फो, छिंग बत लेई थो’. म्हातारा म्हातारीला सोडत नाही, काटा वजनाला सोडत नाही. चीनच्या इतर भागांतही ती चालते. पण कँटोनीज बोलीत नवरा म्हणजे ‘लो गुंग’ आणि बायको ‘लो फो’, त्यामुळे पंचविशीतल्या जोडप्यालाही ती शोभून दिसते.

यातला काटा म्हणजे दोन पारड्यांची तागडी नव्हे. एकच लाकडी दांडी, तिच्या एका टोकाला आकडा किंवा पारडं, जवळच धरायची दोरी आणि दुसऱ्या बाजूला पुढेमागे सरकणारं वजन. दांडी आडवी स्थिर झाली की वजनाची दोरी ज्या खुणेवर असेल तेवढा माल. खरी गंमत त्या खुणांची आहे. पितळी ठिपक्यांच्या या खुणा ठरावीक वजन लावूनच आखलेल्या असतात. वेगळ्या भाराचं वजन अडकवलं, की तोच काटा खोटं बोलू लागतो. वजन हरवलं तर दांडी म्हणजे नुसती काठी! म्हणीत प्रेमाइतकाच हा व्यवहारही आहे.

जिवलग मित्रांना चिडवायलाही ती चालते. राजकारणात मात्र तिचं काम नाही. तिथे ‘ओठ गेले की दात गारठतात’ हेच म्हणायचं. इ.स.पू. 655 मध्ये चीनमधल्या जिन राज्याने शेजारच्या ग्वोवर चाल करून जायला यू राज्याकडे वाट मागितली. गोंग झिछी या मंत्र्याने यूच्या राजाला हाच दाखला देऊन सावध केलं. राजाने ऐकलं नाही. ग्वो बुडवून परतताना जिनच्या सैन्याने यूही गिळलं.

काट्याच्याच घराण्यातली आणखी एक म्हण जपून वापरावी : ‘अर्धा कॅटी, आठ टेल’. हाँगकाँगचा कॅटी सुमारे 605 ग्रॅमचा आणि 16 टेलांचा (आपल्याकडे जुन्या शेराचे छटाकही सोळाच), म्हणजे दोन्ही मापं सारखीच. पण रोख बहुधा ‘दोघेही तसलेच’ असा. हाँगकाँगचा दिग्दर्शक मायकल हुई याच्या 1976 च्या गाजलेल्या विनोदी चित्रपटाचं चिनी नाव हेच आहे. लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत ती घातली, तर यजमानांच्या कपाळावर आठी पडेल.