मूल मागे आहे असे केव्हा म्हणावे?

शेजारचे मूल आधी चालू लागले की मातेला चिंता वाटते. ती रास्त आहे की नाही, हे ठरविण्याची मोजपट्टी पूर्वी परदेशातून येत असे. अमेरिकेतील नॅन्सी बेली यांच्या विकासश्रेणी तेथील मुलांवर आधारलेल्या होत्या. त्यांचा आधार घेऊन प्रमिला फाटक यांनी बडोदे येथील बालकांची तपासणी केली व भारतीय बालकांसाठी प्रमाणके सिद्ध केली. पुढे पुण्यात सुधारण्यात आलेल्या या श्रेणीत जन्मापासून तीस महिन्यांपर्यंतच्या ६७ शारीरिक व १६३ मानसिक कृती आहेत.

एखादी कृती निम्मी मुले ज्या वयापर्यंत करू लागतात, ते तिचे मध्यम वय होय. म्हणजेच उरलेली निम्मी मुले ती उशिराच करणार. त्यांत वैगुण्य नाही. म्हणूनच १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ५४ कृतींच्या बडोदे चाळणी-चाचणीत ९७ टक्के मुले जे वय येईपर्यंत कृती साधतात, त्याचीही रेषा आखलेली आहे.

या आकड्यांत चूक शिरते ती अनेक वाटांनी. तपासणीच्या वेळी मूल भुकेले किंवा झोपाळलेले असते, परक्या माणसाला बुजते. अशी चूक फेरतपासणीने कमी होते. परंतु सर्व मुले एकाच शहरातील असतील, तर त्याच शहरातील आणखी शंभर मुले तपासूनही तो एकांगीपणा जात नाही. आलेखावरील प्रत्येक ठिपक्यातून जाणारी नागमोडी रेषा काढण्याचा मोह तर अधिकच फसवा. अंगाला घट्ट बेतलेला सदरा जसा दुसऱ्याला होत नाही, तशी ती रेषा नव्या मुलांना लागू पडत नाही. रेषेची पारख नव्या मुलांवरच करावयाची असते.

चाळणीत अडकलेल्या मुलावर ‘मंद’ असा शिक्का मारणे सर्वथा गैर होय. त्याची तज्ज्ञांकडून पूर्ण तपासणी करवून घ्यावी.

खेड्यापाड्यांत सर्वांत मोठी चूक मात्र वयातच असते. ‘दिवाळीच्या सुमारास झाला’ एवढ्यावर वय ठरविल्यास दहा महिन्यांच्या बालकाच्या बाबतीत एका महिन्याचा फरकही निकाल उलटा करू शकतो. दोन महिने आधी जन्मलेल्या बालकाचे वय अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून धरावे लागते. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावयाची असते. तो दाखला तपासणीच्या वेळी सोबत आणावा.