घोड्याची पाठ आणि खोगीर

माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारी जात नाहीत. म्हणून पुष्कळ प्रवासी घोड्यावर बसून जातात. आमच्याकडेही एक घोडी आहे. तिच्या खोगिराविषयी मी तुम्हांला माहिती सांगणार आहे.

घोड्याच्या पाठीच्या मधोमध कणा असतो. त्यावर वजन पडता कामा नये. म्हणून खोगिराला खालून दोन गाद्या असतात व मधे पन्हळीसारखी मोकळी जागा असते.

आता गंमत अशी, की खोगीर तेच राहते, पण घोड्याचे अंग बदलते. पावसाळ्यात काम कमी, हिरवा चारा भरपूर. मग पोट सुटते आणि पाठीचे मांस उतरते. काम सुरू झाले की उलटे होते. शिंगरू पाच-सहा वर्षांपर्यंत भरत जाते. म्हातारा घोडा पाठीत खोल होतो.

पाठ उतरली की खोगीर खाली बसते आणि आयाळ संपते तिथल्या उंचवट्याला टेकते. अंग भरले की तेच खोगीर दोन्हीकडून चिमटते. तेव्हा खाली आणखी घोंगडी घालू नये. बाबा म्हणतात, "बूट घट्ट झाला तर दोन मोजे घालून काय उपयोग?" खोगीर सैल असेल, तर मात्र गादीत भरती करतात. आपण निरुपयोगी वस्तूंना खोगीरभरती म्हणतो, पण घोड्याला ती फार उपयोगी!

तपासायचे कसे?
१. माणूस बसल्यावर उंचवटा व खोगीर यांत दोन-तीन बोटे जावीत.
२. तंग आवळण्याआधी गादीखालून हात फिरवावा. हात कुठे अडकू नये, कुठे पोकळी लागू नये.
३. खोगीर काढल्यावर घाम पाहावा. ओल्या पाठीवर मधेच कोरडा डाग दिसला, तर तिथे दाब जास्त पडतो असे समजावे.
४. मऊ तार उंचवट्यावर वाकवून कागदावर तिचा आकार काढावा व तारीख घालावी. महिन्याने पुन्हा काढून दोन्ही आकार ताडून पाहावेत.

पाठीला जखम झाली, तर ती भरेपर्यंत खोगीर घालता येत नाही. ऐन मोसमात घरात येणारा पैसा थांबतो. तरी जखमेवर खोगीर घालू नये. मग जखम चिघळते, आणि बरी झाली तरी तिथे पुष्कळदा पांढरे केस उगवतात.

घोड्याला बोलता येत नाही. दुखले की तो कान मागे पाडतो, तंग आवळताना चावायला येतो. लोक म्हणतात, घोडा खट्याळ आहे. पालकांनो, काठी उचलण्याआधी त्याची पाठ बघा.