बालकांचा मधल्या सुट्टीचा आहार आणि कुक्कुटाण्ड



परंड्यात चिकित्सालय सुरू केले तेव्हा, म्हणजे सुमारे वीस वर्षांपूर्वी, प्रस्तुत लेखकाने बार्शीच्या एका छापखान्यातून पथ्यपत्रके छापून आणली होती. वर नाव व पदवी, मध्ये औषधाची वेळ आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ : ‘आंबट, तेलकट, तळलेले, वांगे, अंडी व मांस वर्ज्य.’ खोकल्याच्या रुग्णाला हेच पत्रक, त्वचाविकाराच्या रुग्णाला हेच, आणि आठ वर्षांच्या बालकालाही हेच. असे एखादे पत्रक आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर असेल, म्हणून माझ्या चुकीची हकिकत येथे मोकळेपणाने सांगतो.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेले, मुलगा आजीजवळ. वय आठ वर्षे, वजन १८ किलो, कित्येक आठवड्यांचा कोरडा खोकला. प्रथम क्षयाची तपासणी करून घेतली; ती निर्दोष आली. सितोपलादि चूर्ण विषम प्रमाणातील मध-तुपातून दिले, सोबत वासा, आणि नेहमीप्रमाणे पत्रक. महिन्याने खोकला बराच उतरला, पण वजनाचा काटा तेथेच. जाताना आजी दाराशी थबकल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टर, साळंत आठवड्याला एक अंडं मिळतंय. गुरुजी देत्यात. पर तुमच्या कागदावर नगं लिवलंय, म्हनून ह्यो तेवढंच खात न्हाई. आता दिऊ का?”

त्या रात्री चरकसंहिता उघडली. सूत्रस्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात मांसवर्गाच्या अखेरीस हंस, चकोर, कोंबडी, मोर व चिमणी यांच्या अंड्यांचे गुण सांगितले आहेत. रेतक्षय, कास, हृद्रोग आणि क्षत या अवस्थांत ती हितकर आहेत. मधुर, अविदाही आणि सद्योबलकर आहेत. बी.ए.एम.एस.च्या परीक्षेसाठी हा श्लोक मी पाठ केला होता. कासात ज्याचे विधान आहे, तेच द्रव्य कासाच्या रुग्णाला वीस वर्षे मी वर्ज्य लिहीत आलो होतो, आणि तेही आयुर्वेदाच्या नावाने!

अर्थात येथे तारतम्य हवेच. चरकांनी कासाशेजारी क्षत व क्षीणता ठेवली आहे, हे विसरता येणार नाही. शुष्क, कृश, बल हरपलेल्या रुग्णाचा कास आणि घशात घरघर, तोंडाला चव नाही, जिभेवर साम थर असा कफज कास, या दोहोंना एकच आहार लागू होत नाही. भावप्रकाशात अंड्यांना मधुर रस-विपाकी, वातघ्न, वृष्य, फारशी स्निग्ध नसलेली, परंतु गुरू म्हटले आहे. गुरू द्रव्य म्हटले की मात्रा आली आणि अग्नीचा विचार आला. बाल्यावस्था स्वभावतःच कफप्रधान. तेव्हा साम ज्वरात, अतिसारात, ताज्या कफज प्रतिश्यायात अंडे नको, हे मी आजही सांगतो. परंतु ‘या अवस्थेत आठ दिवस नको’ आणि ‘वर्ज्य’ यांत फार अंतर आहे. आपण पत्रकावर ‘वर्ज्य’ लिहितो आणि केव्हापर्यंत ते लिहीत नाही. रुग्णाचे घर मात्र ते वर्षानुवर्षे पाळते.

दुसरा समज उष्णतेचा. ‘अंडे गरम पडते’ म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत आपल्याकडे मुलांची अंडी बंद होतात. विदाह होतो तो बहुधा त्याबरोबरच्या तिखटाने, तेलाने आणि काळ्या मसाल्याने. नुसत्या उकडलेल्या अंड्याला शास्त्रकारांनी अविदाही म्हटले आहे. उन्हाळ्यात काळजी घ्यावयाची ती अंडे नासण्याची, आणि त्याविषयी पुढे लिहितो.

संस्काराने द्रव्यात गुणांतर होते, हा आपल्या शास्त्राचा पाया. अंड्याइतके त्याचे सोपे उदाहरण क्वचित सापडेल. तालमीत कच्ची अंडी दुधात फोडून पिण्याची जुनी चाल आहे आणि काही पालक अशक्त मुलालाही तसेच पाजतात. कच्च्या अंड्यातील प्रथिनांपैकी सुमारे निम्मीच शरीरात शोषली जातात, तर शिजलेल्या अंड्यातील सुमारे नव्वद टक्के, असे मानवावरील प्रयोगांत दिसून आले आहे. शिवाय कच्च्या पांढऱ्या भागातील एविडिन हे प्रथिन बायोटिन या जीवनसत्त्वाला बांधून ठेवते, आणि साल्मोनेला जंतूंचे भय असतेच. अग्निसंस्काराने हे तिन्ही दोष दूर होतात. म्हणून बालकाला कच्चे नको, अर्धे उकडलेले नको. बलक पूर्ण घट्ट झालेलेच द्यावे.

आता थोडा हिशेब. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिन असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे सात ते नऊ वर्षांच्या बालकाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिन हवे. म्हणजे एक अंडे चौथा हिस्सा भागविते. आपल्या ज्वारीच्या एका मध्यम भाकरीतही जवळपास तेवढेच प्रथिन असते, हे ऐकून पालकांना आश्चर्य वाटते. फरक गुणवत्तेचा आहे. ज्वारीत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. तुरीचे वरण, हुलग्याचे माडगे किंवा अंडे जोडीला आले की ती उणीव भरून निघते. आमच्या भागातील डब्यात मात्र पुष्कळदा भाकरी, लाल मिरचीचा ठेचा आणि वर तेल एवढेच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. आमचा जिल्हा तर केंद्राने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलेला. तेव्हा पत्रकावरील एक शब्द येथे स्वस्त नाही.

अंड्यात सारे काही आहे असेही नाही. क जीवनसत्त्व त्यात नाही, आणि त्यातील लोह शरीरात फारसे शोषले जात नाही. लिंबाची फोड, पेरू किंवा आवळा बरोबर असावा. रक्ताल्पता असलेल्या बालकाला ‘अंडी खा’ एवढेच सांगून चिकित्सा होत नाही.

शाळेतील अंड्याची कथा

शिजविलेले माध्यान्ह भोजन देशभर सुरू झाले ते सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर. तमिळनाडूने १९८९ मध्येच शाळेच्या ताटात अंडे आणले होते. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे वा अन्य फळ देण्याचे ठरविले. त्यावर वाद झाले, नियमांत बदलही झाले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये शासनाने अंड्यासाठीचा वेगळा निधी थांबविला आणि तो खर्च लोकसहभागावर सोपविला. लोकसहभाग हा शब्द गोड आहे; पण ज्या गावचे निम्मे पालक दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात, तेथे सहभाग कोणी द्यावा?

त्यामुळे प्रश्न पुन्हा घरच्या डब्याशी येऊन ठेपतो, आणि तेथे पालक आपल्यालाच विचारतात. कृती सोपी म्हणून आपण ती सांगत नाही. पण चुका तेथेच होतात.

अंडे ताजे आहे का हे पाण्यात टाकून पाहावे. आडवे पडले तर ताजे, उभे राहिले तर काही दिवसांचे पण खाण्याजोगे, तरंगले तर टाकून द्यावे. फार ताज्या गावरान अंड्याचे कवच उकडल्यावर नीट सुटत नाही, पांढरा भाग त्याबरोबर निघून येतो. चार-सहा दिवस ठेवलेले अंडे सहज सोलते. उकळत्या पाण्यात अलगद सोडून मंद उकळीवर अकरा-बारा मिनिटे ठेवावे. फार वेळ उकळल्यास बलकाभोवती हिरवट-काळपट कडे येते. पांढऱ्या भागातील गंधक आणि बलकातील लोह यांच्या संयोगाने ते होते. त्यात विष नाही, पण मुले ते पाहून अंडे टाकतात. फेब्रुवारीनंतर आमच्याकडे पाणी मोजून वापरावे लागते, तेव्हा इडलीपात्रात दोन वाट्या पाण्याच्या वाफेवर बारा मिनिटे ठेवले तरी अंडी उत्तम शिजतात.

उकडल्यावर ती गार पाण्यात टाकतात. हे पाणी पिण्याचेच हवे. गरम अंडे थंड होताना आतील भाग आक्रसतो आणि कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेरचे पाणी आत ओढले जाऊ शकते. टँकरचे वा हौदातील पाणी येथे वापरले तर उकडण्याचा निम्मा लाभ गेला. पूर्ण निवल्यावर, कोरडे पुसून, न सोलता डब्यात ठेवावे. गरम अंडे झाकणबंद करू नये.

आणि आता उन्हाळ्याची ती काळजी. उकडलेले अंडे शीतकपाटाबाहेर दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांपेक्षा अधिक तापलेली असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा संकेत आहे. सकाळी साडेनऊला भरलेला डबा दीड वाजता उघडणाऱ्या मुलासाठी हा संकेत पाळला जात नाही. म्हणून मी सांगतो, अंडे पहिल्या छोट्या सुट्टीत खावे, भाकरी मोठ्या सुट्टीत. मार्चपासून ते डब्यात देऊच नये. शाळेला जाण्यापूर्वी घरी खाऊन जावे. शाळेतच उकडून गरम वाढलेले अंडे या दृष्टीने डब्यातील अंड्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर, हेही जाता जाता नोंदवितो.

दुधाविषयी नेहमी विचारणा होते. ग्राम्य, आनूप व औदक मांस दुधासह घेऊ नये असे चरकांचे वचन आहे. त्या वचनात अंड्याचा वेगळा उल्लेख नाही. तरीही मी दूध सकाळी वा रात्री आणि अंडे दोन्हींपासून दूर, असे सांगतो. दोन्ही गुरू, आणि बालकाचा अग्नी एकच. मात्रा दिवसाला एक अंडे. मंदाग्नी असलेल्याला आरंभी अर्धे. प्रथमच देताना लहानसा तुकडा द्यावा. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलटी झाली तर पुन्हा देऊ नये. अंड्याची असहिष्णुता बालकांत विरळ नाही. आणि श्वास लागला तर आपल्या औषधाची वाट न पाहता त्वरित रुग्णालयात पाठवावे.

ज्या घरी अंडे चालत नाही तेथे आग्रह धरू नये. आमच्या तालुक्यात वारकरी, लिंगायत, जैन कुटुंबे पुष्कळ आहेत. तीस ग्रॅम, म्हणजे मुलाच्या हातची मोठी मूठभर, भाजलेले शेंगदाणे अंड्याहून थोडे अधिकच प्रथिन देतात. फुटाणे आहेत, दही आहे. पथ्य सांगताना घर पाहावे लागते.

औषधी दुकानदारांसाठी

दुकानदार बंधूंना दोन शब्द. परीक्षेचे दिवस आले की पालक आपल्या गल्ल्यासमोर उभे राहून मुलासाठी ‘ताकदीचे काहीतरी’ मागतात. आपण एखादा अवलेह देतो. त्याचे रसायनगुण आहेतच, परंतु अवलेहात मोठा भाग साखरेचा असतो. चमचाभर अवलेह प्रथिनाची उणीव भरून काढील असे सांगणे बरोबर नाही. अवलेह द्यावा, आणि घरी चालत असेल तर अंडे उकडण्याची रीतही सांगावी. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट टिकते, हा माझ्या शेजारच्या दुकानदाराचा अनुभव आहे.

आणखी एक विसंगती. कुक्कुटाण्डत्वक् भस्म आपण श्वेतप्रदरात, अस्थिक्षयात मुक्तहस्ते वापरतो. बालकांच्या काही कॅल्शियम-गोळ्यांतही ते असते. शाकाहारी कुटुंबाला ते कशाचे आहे हे सांगण्याची तसदी आपण क्वचितच घेतो. आणि त्याच चिठ्ठीवर खाली ‘अंडी वर्ज्य’! घटकद्रव्य सांगणे हे आपले कर्तव्य आहे. गोळी तोंडात जाण्यापूर्वी रुग्णाला ते कळले पाहिजे. भस्मासाठी कवचे गोळा करणाऱ्यांनी गाड्यांच्या मागच्या ढिगाऱ्यातील कुजकी कवचे घेण्यापेक्षा वसतिगृहांतील उकडलेल्या अंड्यांची स्वच्छ कवचे घ्यावीत. अंड्याच्या वजनाचा सुमारे दहावा भाग कवच असते, तेव्हा शंभर अंड्यांमागे अर्धा किलो मिळते. मिठाच्या पाण्यात भिजवून आतील पापुद्रा नीट काढला नाही तर भस्माला वास राहतो, हे जाणकारांना सांगावयास नकोच.

त्या आजींच्या नातवाला शाळेतील एक आणि घरची आठवड्याला तीन अशी अंडी सुरू केली. भाकरी-वरण होतेच, कृमिघ्न औषध दिले, आणि आहारापूर्वी अष्टमातील थोडेसे हिंग्वाष्टक तुपाबरोबर. आईवडील पाडव्याला परतले तेव्हा वजन साडेएकोणीस किलो होते. श्रेय एकट्या अंड्याला देणे अशास्त्रीय ठरेल. परंतु पहिल्या महिन्यात, माझे पत्रक पाळले जात असताना, काटा हलला नव्हता एवढे खरे.

नवीन पत्रकावर आता छापील वर्ज्ये नाहीत. तेथे दोन कोऱ्या ओळी आहेत : काय टाळावे, आणि किती दिवस. जुन्या पत्रकांचा एक गठ्ठा उरला होता. कंपाउंडर म्हणाला, मागची बाजू कोरी आहे, पुड्या बांधायला होतील. मी ती बंबात घालविली. पुडी उलगडून कोणी वाचणार नाही, याची खात्री कोण देणार?