भीती कोणाची, भुर्दंड कोणाला?

सकाळच्या पाळीच्या वेळी लोणावळ्याकडून येणारी लोकल कासारवाडी स्थानकात शिरते, तेव्हा दारात दाटीने उभ्या असलेल्यांपैकी कोणाचा खांदा कोणाच्या खांद्याला लागला आहे, याची चौकशी कोणी करीत नाही. नाशिक फाट्यावरून चाकणच्या रस्त्याला लागणाऱ्या कंपनीच्या बसमध्येही ती होत नाही आणि २०२२ पासून डोक्यावरून धावू लागलेल्या मेट्रोतही नाही. यातलाच एखादा कामगार संध्याकाळी भाड्याची खोली पाहावयास जिना चढतो, तेव्हा मात्र पहिला प्रश्न येतो तो ‘गाव कोणते?’ हा. त्याने उलगडा झाला नाही, तर ‘आडनाव काय?’ हा दुसरा. पगार किती, नोकरी कायम की कंत्राटी, हे प्रश्न त्यानंतरचे. पुष्कळदा ते येतच नाहीत, कारण खोली ‘कालच गेलेली’ असते. सकाळी ज्या स्पर्शाची कोणी दखल घेतली नाही, त्याचीच संध्याकाळी भीती का वाटावी?

मानसशास्त्रात भयगंडांची मोठी यादी आहे. कोणाला उंचीचे भय वाटते, कोणाला बंद जागेचे, कोणाला तेराच्या आकड्याचे. घाणीच्या धास्तीने दिवसातून पन्नास वेळा हात धुणारे असतात, तसे दुसऱ्याच्या नुसत्या स्पर्शानेही अंग आक्रसून घेणारे असतात. या सर्व गंडांत काही गोष्टी समान आहेत. आपले भय निराधार आहे, हे रोग्याला बहुधा कळत असते. कळूनही ते आवरत नाही. दुसरे असे की, ते सोय पाहत नाही. स्पर्शाला भिणारा माणूस परक्याच्या स्पर्शाला भितो, तसाच आप्ताच्याही. आणि तिसरे म्हणजे, त्याची किंमत मुख्यतः तो स्वतःच भरतो. लिफ्टला भिणारा सहा मजले पायी चढतो. त्याची शिक्षा लिफ्टमनला होत नाही.

आपल्या समाजाने ‘विटाळ’ या नावाने शतकानुशतके जे स्पर्शभय जोपासले, त्याला या तीन कसोट्या लावून पाहाव्यात. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागदपत्रे लांबून टाकीत. शहरात राहावयास जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. हिंदू स्नेह्याकडे आणि ख्रिस्ती स्नेह्याकडेही आसरा मिळाला नाही. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्यांच्या हाताखालून गेलेला कागद कचेरीला चालत होता. चालत नव्हता तो हात. खराखुरा भयगंड असली निवड करीत नाही.

मुंबईच्या कापडगिरण्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे अस्पृश्य कामगारांना कताईखात्यात काम मिळे, साळखात्यात मिळत नसे. कारण सांगितले जाई ते धोट्याचे. कांडी बदलताना धोट्याच्या बारीक छिद्रातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि ते दुसऱ्याचे उष्टे होई. परंतु साळखात्यातील मजुरी कताईखात्याहून अधिक होती, हा योगायोग मानता येत नाही. एकाच छपराखाली, एकाच कापडाच्या निर्मितीत, कमी पगाराच्या यंत्रापाशी विटाळ होत नव्हता आणि अधिक पगाराच्या यंत्रापाशी मात्र होत होता. १९२८ च्या संपाच्या वेळी आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न ठेवला. पूर्वग्रह भीतीचा पेहराव करतो खरा. पण आतून त्याला हिशेब चांगला येतो.

याचा अर्थ खरी भीती समाजात नसतेच असा नव्हे. वरोऱ्याला पावसात भिजत पडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून बाबा आमटे भयाने पळाले होते, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. मैल्याची पाटी डोक्यावर वाहिलेल्या माणसाला आपल्याच भयाची लाज वाटली. ते परतले आणि त्यांनी त्याची शुश्रूषा केली. आनंदवनाची वाट तेथून निघते. भयगंडावरचा उपचारही अखेर हाच असतो: ज्याचे भय वाटते, त्याच्या जवळ जाणे. परंतु व्यक्तीचे भय असे फिटले, तरी समाजाने नियमांत बांधून ठेवलेले भय सहजी फिटत नाही. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ साली दाखविला. हा रोग पूर्ण बरा करणारी बहुविध औषधयोजना जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ पासून पुरस्कारली. एवढे होऊनही जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात राहिले होते. ते वगळले गेले २०१९ मध्ये. रोगाला उतार पडला, तरी भयाची कलमे जागच्या जागी होती. कारण त्यांचे चटके कायदा करणाऱ्यांना बसत नव्हते.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९५७ साली पक्षपाताचे अर्थशास्त्र मांडले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, जो मालक आवडीनावडीमुळे लायक माणूस नाकारतो, तो स्वतःचेही नुकसान करून घेतो. बाजारात स्पर्धा असेल, तर असा मालक कालांतराने मागे पडतो. तर्क सुबक आहे. अनुभव तसा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, केवळ नावे वेगळी असलेले अर्ज धाडून पाहिले. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बोलावणे येण्याच्या शक्यतेचे प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावाला १ धरले, तर दलित नावाला ते ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ भरले. दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेला अभ्यासही याच दिशेला बोट दाखवितो.

स्पर्धेने पूर्वग्रह का झिजत नाही? कारण ज्या बाजारात मागणी दांडगी आणि पुरवठा तोकडा असतो, तेथे नकार फुकट पडतो. कारखान्यांच्या पट्ट्यातील खोली एकाला नाकारली, तर दुसरा दारात उभाच असतो. मालकाचे एका महिन्याचेही भाडे बुडत नाही. नाकारलेला माणूस मात्र आणखी दोन स्थानके पलीकडे जातो, जाण्यायेण्यात रोजचा वेळ घालवितो, पाळी चुकली तर खाडा पदरात घेतो, किंवा आडनाव बदलून सांगतो आणि ते उघड होण्याच्या धास्तीत राहतो. भीती एकाची आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. खरा भयगंडही मग निर्माण होतो. पण तो जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा असलेल्याच्या मनात.

हा घरमालक कोणी सरंजामदार नसतो. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून घरावर दोन खोल्या चढविणारा तो निवृत्त कामगार असतो, शिक्षक असतो, कारकून असतो. कचेरीत आणि शाळेच्या वर्गात त्याने सर्वांशी बरोबरीने वागून आयुष्य काढलेले असते. त्याला दुष्ट म्हणून भागणार नाही आणि समतेवर व्याख्यान देऊनही फारसे साधणार नाही, कारण ते व्याख्यान कदाचित त्याने स्वतःच दिलेले असते. कारखान्याच्या उपाहारगृहात निरनिराळ्या घरची माणसे एका बाकावर जेवतात, ती उपदेशामुळे नव्हे. तेथे वेगळा बाक मागण्याची सोयच नसते. म्हाडाच्या सोडतीत नाव निघालेल्याला शेजारी आडनाव पाहून परत पाठवू शकत नाही. नियम असा असला, की नकार आपोआप महाग होतो. कामगारांसाठी वसतिगृहे, भाड्याच्या सार्वजनिक घरांची मुबलक बांधणी आणि नाव न पाहता होणारे वाटप, या गोष्टींकडे म्हणूनच केवळ गृहनिर्माणाच्या नजरेने पाहून चालणार नाही; समतेच्या प्रश्नावरील त्या सर्वांत व्यवहार्य उपाययोजना आहेत.

तोवर ज्याच्या हाती एखाद्या रिकाम्या खोलीची किल्ली आहे, त्याने एवढे तरी करावे. समोरच्याला गाव विचारण्यापूर्वी स्वतःला विचारावे की, आपणास ही भीती खरोखर वाटते का? वाटत असेल, तर सकाळच्या लोकलमध्ये ती कोठे जाते?