ब्रेकवरचा उजवा पाय

बेळगावहून संकेश्वर, निपाणी करत कोल्हापूरकडे जाणारा आपला हायवे पुढे पुणे, मुंबई ओलांडून थेट सुरतेच्या दारात जातो. पूर्वी आपल्याकडे त्याला चार नंबर म्हणत आणि मुंबईच्या पलीकडे आठ नंबर. आता दोन्हीकडे एकच नंबर आहे, ४८. याच रस्त्यावर, बेळगावपासून साडेसातशे किलोमीटरच्या आसपास, कडोदरा लागते. सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुक्यातले हे गाव. इथल्या चार रस्त्यावर मुंबई-अहमदाबाद मार्ग आणि सुरतहून बारडोली, धुळ्याकडे जाणारा मार्ग एकमेकांना छेदतात. आजूबाजूला कापडाच्या मिला आणि दिवसरात्र ट्रक-टेम्पोंची रांग.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, लग्नानंतर इथेच आली. दाजी आयशर टेम्पो चालवतात. मिलमधून ताके भरायचे, सुरतच्या कापड बाजारात उतरवायचे, येताना दुसरा माल आणायचा. वीस वर्षे हेच काम. घरात मराठी, आमच्या अव्वाशी फोनवर कन्नड, शेजाऱ्यांशी गुजराती आणि हमालांशी हिंदी. अशा घरात जुलै २०२३च्या पावसात एका संध्याकाळी दाजींचा गुडघा गेला.

फार मोठा अपघात नव्हता. टेम्पोच्या मागच्या फळ्यावरून त्यांनी नेहमीसारखी खाली उडी मारली. जमीन ओली होती. पाऊल रुतले आणि अंग वळले. गुडघ्यात 'कट्' असा आवाज आल्याचे ते अजून सांगतात. तासाभरात उजवा गुडघा नारळाएवढा सुजला.

सूज उतरली म्हणजे बरे झाले?

आपल्याकडे जे होते तेच तिथेही झाले. कुणी तेल चोळायला सांगितले, कुणी हळदीचा लेप. पंधरा दिवसांत सूज उतरली, दाजी चालू लागले. आम्हीही म्हटले, सुटलो. पण जिना उतरताना गुडघा मध्येच निसटायचा, जणू पायाखालची पायरीच कुणी काढून घेतली. शेवटी एमआरआय काढला आणि नाव कळले, एसीएल.

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड एकमेकांवर टेकलेले असतात. त्यांना जागच्या जागी धरून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध असतात, ज्यांना डॉक्टर लिगामेंट म्हणतात. दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या आत फुलीसारखे एकमेकांना छेदणारे दोन. आतल्या दोघांपैकी पुढचा तो एसीएल. नडगीचे हाड पुढे घसरू न देणे आणि गुडघ्याला भलता पीळ बसू न देणे हे त्याचे काम. तो पूर्ण तुटला, तर हाड जुळते तसा आपोआप सहसा जुळत नाही. सरळ चालताना फारसे जाणवत नाही, पण वळताना, उतरताना गुडघा दगा देतो.

प्रत्येकालाच शस्त्रक्रिया लागते असे नाही. बैठे काम असलेली, धावपळ नसलेली माणसे केवळ व्यायामाने मांडीचे स्नायू बळकट करून चांगली राहू शकतात. पण ज्याला दिवसातून पंचवीस वेळा उंच केबिनमध्ये चढायचे-उतरायचे आहे, त्याचा गुडघा निसटून चालत नाही. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दाजींची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यांच्याच मांडीच्या मागची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून तुटलेल्या बंधाच्या जागी बसवली.

दिवाळीची घाई

दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून उभे केले. मग रोजचे व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, मांडी आवळायची, सरळ पाय वर उचलायचा, टाच पलंगावरून हळूहळू मागे सरकवायची. पहिल्या आठवड्यांत गुडघा पूर्ण सरळ होणे हे वाकण्याइतकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे असते, हे आम्हाला तेव्हा कळले. उशीवर गुडघा वाकवून ठेवला की बरे वाटते, पण तसाच राहिला तर तो पुढे कायमचा थोडा वाकडाच राहण्याची भीती असते. फिजिओथेरपिस्ट ताईंनी ती उशी पहिल्याच दिवशी काढून घेतली.

घरात मात्र दुसरेच गणित चालू होते. टेम्पोचा हप्ता, मुलाची फी, औषधे. अक्काने साड्यांवर खडे चिकटवण्याचे काम घरी आणले. सुरतेत घरोघरी बायका हे काम करतात. रात्री अकरापर्यंत ती ट्यूबलाइटखाली बसायची आणि दाजी पलंगावरून बघायचे. बघत राहणेच त्यांना सगळ्यात जड गेले असावे. त्यातून नवरात्र आले. दिवाळीआधीचा तो महिना म्हणजे कापड बाजाराचा हंगाम. वर्षाची कमाई त्या दिवसांत होते.

पाचवा आठवडा संपत आला होता. दुखणे जवळजवळ थांबले होते. कुबडी सुटली होती. एका सकाळी अक्का पाणी भरायला गेलेली बघून दाजींनी किल्ली उचलली. फक्त डिझेल भरून आणतो, एवढाच विचार. सर्व्हिस रोडने जेमतेम अर्धा किलोमीटर.

वाटेत एक सायकलवाला डावीकडून अचानक आडवा आला. दाजींनी पाय अॅक्सिलेटरवरून उचलून ब्रेकवर ठेवला. पाय पोहोचला, पण दाबलाच गेला नाही. "मेंदूनं सांगितलं, पाय ऐकेना," असे ते नंतर म्हणाले. डाव्या पायाने आणि हातब्रेकने कसाबसा टेम्पो थांबला. सायकलच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर. सायकलवाल्याला काही कळलेही नाही, तो निघून गेला. दाजी मात्र पंधरा मिनिटे स्टिअरिंगला धरून तिथेच बसले होते.

चार दिवस त्यांनी हे कुणाला सांगितले नाही. पाचव्या रात्री अक्काजवळ बोलले. ती रागावली नाही की रडली नाही. उठली, टेम्पोची किल्ली घेतली आणि तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवली. म्हणाली, "डॉक्टर म्हणतील तेव्हाच हा डबा उपसायचा. तोवर मी आहे."

पाय का ऐकत नाही?

ही दाजींच्या एकट्याची गोष्ट नव्हे. सांध्यात सूज असली की मेंदू स्वतःच मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला आवर घालतो. त्यामुळे दुखत नसतानाही तो स्नायू पूर्ण जोराने आवळत नाही. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच मांडी बारीक दिसू लागते ती यामुळेच. चालताना ही उणीव लपते. ताकदीने आणि क्षणात ब्रेक दाबायची वेळ आली की ती उघडी पडते.

एक साधा हिशेब करून पाहा. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक जाते. ब्रेक दाबायला नुसता अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे आपल्या गल्लीची रुंदी. त्यात एक शाळकरी पोर सहज येते.

शस्त्रक्रिया झालेल्यांचा ब्रेक दाबण्याचा वेग परदेशात मोजून पाहिला गेला आहे. उजव्या गुडघ्याची एसीएल शस्त्रक्रिया असेल तर तो वेग पूर्ववत व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात असे त्यात आढळले. डावा गुडघा असेल आणि गाडी क्लच नसलेली असेल तर त्याहून बरेच लवकर. पण हे आकडे मोटारगाडीचे आहेत. आपल्याकडचे टेम्पो, ट्रक, त्यांचे जड क्लच आणि उंच पायऱ्या त्यात धरलेल्या नाहीत. शिवाय गादी, म्हणजे मेनिस्कस, शिवली असेल, तर पायावर भार टाकायलाच उशीर होतो आणि सगळे वेळापत्रक पुढे जाते. म्हणून शेजाऱ्याचा आकडा आपल्याला लागू पडेलच असे नाही.

दुसरी गोष्ट त्याहून फसवी. नव्याने बसवलेल्या कंडरेत रक्तवाहिन्या वाढून ती जिवंत बंधासारखी व्हायला कित्येक महिने जातात. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सर्वात कच्ची असते. नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते आणि माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते. दुखणे थांबणे आणि बरे होणे या दोन वेगळ्या तारखा आहेत.

सांगलीची स्मृती आणि आपण

"खेळाडू तर लगेच मैदानात उतरतात," असे दाजी एकदा चिडून म्हणाले होते. आपल्या सांगलीच्या स्मृती मानधनाचे उदाहरण घ्या. जानेवारी २०१७मध्ये ऑस्ट्रेलियात खेळताना तिच्या गुडघ्याच्या एसीएलला इजा झाली. २४ जून २०१७ रोजी विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात तिने इंग्लंडविरुद्ध ९० धावा केल्या. आपल्याला त्या ९० धावा आठवतात, त्याआधीचे पाच महिने आठवत नाहीत. उलट ऋषभ पंतचे पाहा. ३० डिसेंबर २०२२ला मोटार अपघात, जानेवारी २०२३मध्ये मुंबईत गुडघ्याच्या अस्थिबंधांची शस्त्रक्रिया, आणि पुन्हा स्पर्धात्मक सामना थेट मार्च २०२४मध्ये. दोघांच्याही दिमतीला रोज तज्ज्ञ होते. तरी एकाला पाच महिने, दुसऱ्याला जवळजवळ पंधरा. प्रत्येक गुडघ्याचे कॅलेंडर वेगळे.

गाडी हातात घेण्यापूर्वी

फिजिओथेरपिस्ट ताईंनी दाजींना जी तपासणी सांगितली, ती घरात कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल.

कुबडी आणि पट्टा न लावता, न लंगडता चालता आले पाहिजे. गुंगी आणणारी वेदनाशामक गोळी चालू असताना गाडीला हात लावायचा नाही. आधी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, ब्रेक पूर्ण जोराने दहा वेळा दाबून पाहायचा. दहाव्या वेळी पाय थरथरला तर अजून वेळ आहे. नंतर मोकळ्या मैदानात, शेजारी जाणता चालक बसवून, अचानक थांबण्याचा सराव करायचा. एवढे जमले की शल्यविशारदांना दाखवून त्यांची परवानगी घ्यायची आणि ती लेखी मागून ठेवायची. शरीराने अक्षम असल्याचे माहीत असून गाडी चालवणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्यावे. विमा कंपनीलाही आधी विचारून घेतलेले बरे.

मोटारसायकल, स्कूटर सोपी वाटते, पण तिथे धोका वेगळा. मोटारसायकलवर उजव्या पायाला मागचा ब्रेक, डाव्याला गिअर, आणि दोन्हींवर सिग्नलला गाडीचा सारा तोल एका पायावर. गाडी कलली की गुडघ्याला नेमका तोच पीळ बसतो, ज्याने बंध तुटला होता. किक मारणे तर बरेच महिने विसरायचे. म्हणून दुचाकीची परवानगी वेगळी विचारावी.

उंच केबिनसाठी एक सूत्र पाठ करावे, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. तोंड गाडीकडे, हात दांडीवर, आणि उडी कधीच नाही. लांबच्या फेरीत तासाभराने थांबून चार पावले चालावे. पोटरी अचानक दुखू लागली, सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आले, तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पोटरीत रक्ताची गुठळी झाली असेल तर ती जिवावर बेतू शकते.

तांदळाचा डबा

त्या वर्षी दिवाळीचा हंगाम दाजींच्या हातून गेला. टेम्पो त्यांनी ओळखीच्या पोराला रोजावर चालवायला दिला. कमाई निम्मी झाली, हप्ता थकला, अक्काने एक बांगडी मोडली. हे सोपे नव्हते आणि सोपे होते असे लिहिणे खोटे ठरेल. ती बांगडी अजून परत झालेली नाही.

लाभपंचमीनंतर मिला पुन्हा सुरू झाल्या. शस्त्रक्रियेला दहा आठवडे उलटले होते. डॉक्टरांनी मांडी मोजली, एका पायावर उभे केले, खुर्चीवरून एका पायाने उठवले आणि जवळच्या फेऱ्यांना होकार दिला. माल चढवणे-उतरवणे मात्र बंद, लांबची फेरी चौथ्या महिन्यानंतर. त्या संध्याकाळी अक्काने परातीत तांदूळ ओतले आणि किल्ली काढली.

पहिल्या फेरीला निघताना अव्वाचा फोन आला. ती जावयाला एवढेच म्हणाली, "सावकाश होग्री." 'सावकाश' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे, आणि दोन्हीकडे आपण तो निरोप देताना सवयीने बोलतो, ऐकणाराही सवयीनेच ऐकतो. दाजींनी त्या दिवशी तो नीट ऐकला. अक्का सांगते, ते आजही गाडी सुरू करण्याआधी ब्रेक तीनदा दाबून बघतात. मुलगा हसतो, तर म्हणतात, "ब्रेक नव्हे रे, पाय तपासतोय."