वरून भुसभुशीत, खाली दगड! सबसॉयलर लावण्याआधी रानात सळई दाबून बघा

पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी सोयाबीनमध्ये पाणी तुंबलेलं, पीक पिवळं. आणि पावसानं ओढ दिली की तेच पीक सगळ्यात आधी माना टाकतं. काळ्या रानात असं होत असेल तर खताच्या दुकानात जाण्याआधी जमिनीच्या पोटात बघायला हवं.

रोटाव्हेटर साधारण चार ते सहा इंचच चालतो. वरची माती पिठासारखी होते, पण पाती दरवर्षी त्याच खोलीवर घासून खाली घट्ट थर बसतो. त्यात ऊस असला तर तोडणीला भरलेली ट्रॉली ओल्या रानातून जाते. ओली माती दाबली की तिच्यातली हवेची जागा संपते. मग मुळ्या त्या थरापर्यंत जाऊन आडव्या पसरतात. वरचं पाणी खाली मुरत नाही आणि खालची ओल पिकाला मिळत नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. वाफसा असताना टोकदार सळई हाताने दाबायची. सहज जात असताना एका खोलीवर अडली आणि जोर लावल्यावर पुढे पुन्हा सैल गेली, तर थर तिथंच. खात्री करायची तर दीड-दोन फुटाचा खड्डा घ्यावा, मुळी कुठे वळली ते डोळ्यांनी दिसतं.

थर सापडला तरच सबसॉयलर. तो पलटी नांगरासारखी माती उलटवत नाही, खालून थर फोडत जातो. फाळ थराच्या थोडा खाली चालला की पुरे, त्याहून खोल म्हणजे डिझेल जाळणं. त्याला ताकदीचा ट्रॅक्टर लागतो, छोट्याचं हे काम नाही. वेळ एप्रिल-मे, रान वाळलेलं असताना. ओल्या मातीला तडे जात नाहीत, नुसती चीर पडते आणि भाड्याचे पैसे गेले. ट्रॅक्टरवाला मोकळा आहे म्हणून पाऊस पडल्यावर हे काम काढू नये.

हलक्या मुरमाड रानात या भानगडीत पडूच नये. चोपण जमिनीचं दुखणं वेगळं. तिथं आधी माती परीक्षण, मग त्यानुसार जिप्सम आणि निचऱ्याची सोय.

फोडलेलं रान पुन्हा ट्रॉलीखाली घातलं तर एका हंगामात जैसे थे. ट्रॉलीला बांधाकडेची एकच वाट ठरवावी, ताग किंवा धैंचा गाडावा, आणि सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी ठेवाव्यात. तुरीची सोटमुळी फोडलेल्या भेगांतून खोल उतरते.