गलाईचा धूर आणि श्वासाची मशागत

कडेगाव, खानापूर, आटपाडी या अवर्षणाच्या मुलुखातील ज्या माणसांना कोरडवाहू शेतीने पोटापुरतेही दिले नाही, त्यांनी सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा, धंदा पत्करून हिंदुस्थानातील बहुतेक प्रत्येक सराफ बाजारात आपली भट्टी मांडली; त्यांच्या कर्तबगारीची वर्णने पुष्कळ झाली, पण त्यांच्या फुप्फुसांची वास्तपुस्त क्वचितच झाली. अरुंद खोलीत चांदी तेजाबात विरघळू लागली की जो तांबूस धूर उठतो, तो पाण्यात फारसा विरघळत नसल्यामुळे नाका-घशाला लगेच झोंबत नाही, थेट श्वासनलिकांच्या सूक्ष्म शाखांपर्यंत पोहोचतो, आणि एखाद्या वेळी कामावरून परतल्यावर काही तासांनी माणसाला धाप लागते. अशी धाप हा तातडीने रुग्णालय गाठण्याचा प्रसंग आहे. धुरात वर्षे काढलेल्या माणसाला पुढे चालताना दम लागतो, आणि तो त्याला वयाचा परिणाम म्हणून सोडून देतो.

फिजिओथेरपी म्हणजे गुडघ्याचा शेक आणि कमरेचा पट्टा, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि ती मला अत्यंत हानिकारक वाटते. श्वासाची मशागत हेही तिचेच काम आहे. आकुंचित झालेल्या श्वासनलिका श्वास सोडताना मिटतात, शिळी हवा आत कोंडते, आणि नव्या हवेला जागाच उरत नाही. म्हणून नाकाने दोन अंक मोजत श्वास घ्यावा आणि ओठ मुरडून, हलकी फुंकर घालावी तसा, चार अंक मोजत सोडावा, म्हणजे आतला दाब टिकून नलिका थोडा अधिक वेळ उघड्या राहतात. कफ सुटावा म्हणून जोरजोराने खोकत राहिल्यास जीव दमतो, बेडका मात्र जागचा हलत नाही. त्यापेक्षा काही दीर्घ श्वास घेऊन, तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरावी तसा उच्छ्वास एका दमात सोडला की कफ वर सरकतो, आणि मग एक खोकला पुरतो. औषधोपचार आणि तेजाबापासून दूर राहणे यांना हा पर्याय नव्हे. पण यांच्या जोडीला सपाट रस्त्यावर रोज चालणे, दम लागला तर थांबणे आणि पुन्हा निघणे, एवढे नियमाने झाले तर जिना चढताना फरक जाणवतो. चुलीपुढे शेणी-सरपणाच्या धुरात जन्म काढलेल्या बायकांनाही हीच शिकवण लागू आहे, आणि त्यांना तर ती कोणी दिलेलीच नसते.

तान्ह्या बाळाचा मामला निराळा. त्याच्या फासळ्या आडव्या, नलिका अतिशय बारीक, आणि श्वास मिनिटाला तीस ते साठ. सर्दीने त्याची छाती भरली की घरची वडीलधारी पाठ थोपटू लागतात. लहान बाळांच्या श्वासनलिकादाहात अशा थापटण्याने दुखणे लवकर हटत नाही, असे अभ्यासांती दिसून आले आहे. नाक मोकळे ठेवणे आणि थोडे थोडे दूध पाजणे हेच तिथे हिताचे, आणि छाती आत ओढली जात असेल किंवा बाळ दूध घेईनासे झाले असेल तर विलंब न लावता दवाखाना. थोड्या मोठ्या मुलाला व्यायाम शिकवावा लागत नाही. साबणाचे फुगे किंवा पिपाणी हाती दिली की पुरे.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर टाक्यांच्या भयाने रुग्ण उथळ श्वास घेतो आणि फुप्फुसाचा तळ मिटू लागतो. पोटाशी उशी घट्ट धरून खोकण्याचे शिक्षण त्याला शस्त्रक्रियेपूर्वीच मिळावयास हवे. वार्धक्यात छातीचा पिंजरा ताठरतो, स्नायूंचे बळ ओसरते. अशा वेळी आजोबांना दिवसभर आडवे न ठेवता टेकून बसवावे, आणि झेपेल तसे खुर्चीवरून उठण्या-बसण्याची सवय ठेवावी, कारण पायांत ताकद असली तर त्याच कामाला श्वास कमी लागतो.

फिजिओथेरपीच्या या विद्येचे शिक्षण मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभापासून मिळत आहे. मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारले, तेव्हापासून मिरज-कडेगावचा हा जिल्हा वैद्यकसेवेचे माहेरघर मानला जातो. तेव्हा माझी एक साधी सूचना आहे. मोहरमात कडेगावचे गगनचुंबी ताबूत पाहण्यासाठी गावोगावची माणसे लोटतात; त्याच दिवसांत स्पायरोमीटर, म्हणजे जोराने फुंकून श्वासाचे माप घेण्याचे यंत्र, आणि एक फिजिओथेरपिस्ट, एवढी तजवीज आरोग्य खात्याने तिथे करावी, आणि भट्टीवर उमेदवारीला निघालेल्या तरुणांची तपासणी सर्वांत आधी व्हावी.